वसईच्या वाडीतील ख्रिस्ती घर



महोत्सवाच्या स्मरणिकेत देवळाचा इतिहास द्यावयाचा असा प्रघात आहे. पायाचा दगड कोणी बसविला, घंटा केव्हा आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली, हे वाचून मन कृतज्ञतेने भरून येते. परंतु देवळात येऊन गुडघे टेकणारी माणसे ज्या ठिकाणी घडली, त्या ठिकाणाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. ते ठिकाण म्हणजे घर. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांत मुलाचे नाव सापडते, आईबापांची व धर्ममातापित्यांची नावे सापडतात. पण त्या मुलाचा इवलासा हात धरून क्रुसाची खूण करावयास त्यास कोणी शिकविले, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. ज्यांनी ते शिकविले त्या बाया भात लावीत होत्या, गुरांस वैरण घालीत होत्या, चुलीपाशी बसून भाकऱ्या थापीत होत्या. त्यांनी लिहिले काहीच नाही. म्हणून या मंगल प्रसंगी त्यांच्या वतीने हे चार शब्द लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, वसई प्रांतात आपली श्रद्धा टिकली ती देवळांमुळे जितकी, तितकीच शेतकऱ्याच्या घरामुळे. आणि कसोटीच्या काळात तर घराचाच आधार अधिक झाला. हे जर खरे असेल, तर आज ते घर बदलत असता आपण कोणती काळजी वाहिली पाहिजे, याचाही विचार ओघानेच येतो.

भूमी आणि माणसे

उल्हास नदीची खाडी, वैतरणेची खाडी आणि पश्चिमेचा समुद्र यांच्या कुशीत वसलेला हा मुलूख पूर्वीपासून बागाईतीचा म्हणून प्रसिद्ध आहे. जमीन रेताड व मऊ, थोडे खणले की गोडे पाणी लागावे अशी. पावसाळ्यात भात, भात कापल्यावर वाल व भाजीपाला, आणि बारमाही पाण्यावर केळी, पानवेली व फुलझाडे, असा येथील वाडीचा क्रम असे. विहिरीवर रहाट, रहाटाला बैल, आणि पाटाने खेळणारे पाणी हे चित्र ज्यांनी लहानपणी पाहिले आहे, त्यांच्या कानांत तो रहाटाचा कुरकुरणारा आवाज अजून असेल.

१५३४ सालच्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढे दोनशेहून अधिक वर्षे हे त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. फ्रान्सिस्कन संघाचे फादर आंतोनियो दो पोर्तो यांनी येथे देवळे बांधिली. सांत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय या भूमीला लागले. आणि सांत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म याच वसईत झाला. त्यांची आई येथली, वडील पोर्तुगीज. १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रुसावर त्यांनी प्राण दिले, आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत.

परंतु त्या काळी प्रभूचा स्वीकार केलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे किल्ल्यातील नव्हती, ती वाडीतील होती. कुपारी शेतकरी, वाडवळ बागाईतदार, किनाऱ्यावरचे कोळी अशा निरनिराळ्या समाजांनी बाप्तिस्मा घेतला, आणि बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी आपली बोली, आपले लुगडे, आपली शेती व आपली भाकरी सोडली नाही. श्रद्धा नवी आली, ती जुन्याच ओट्यावर येऊन बसली. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जे झाड परक्या कुंडीत लावलेले असते ते कुंडी फुटताच वाळते. आपले झाड पहिल्यापासूनच या मातीत लावलेले होते.

चूल

त्या दोन शतकांत आपल्या चुलीवर केवढे स्थित्यंतर झाले याची आज आपणास कल्पनाही नसते. मिरची, बटाटा, काजू, अननस, पपई, पेरू ही सारी अमेरिका खंडातील पिके असून पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती या किनाऱ्यावर उतरली. पाव, कोबी, बटाटा, अननस हे शब्दही त्यांच्याच भाषेतून मराठीत आले, आणि आता ते इतके आपले झाले आहेत की पंढरपूरच्या बाजारातही कोणी त्यांना परके म्हणणार नाही. आपल्या सणावारी होणाऱ्या इंदाळाचे मूळ, पोर्तुगीज खलाशी मद्य व लसूण यांत मांस मुरवून ठेवीत त्या पद्धतीत आहे. येथे द्राक्षांचे मद्य मिळेना, तेव्हा आपल्या बायांनी ताडीचा सिरका घातला, त्यात मिरची वाटली, आणि पदार्थ आपला करून टाकला. पीठ फुगविण्यास खमीर नव्हते. तेथेही ताडीच उपयोगी पडली, व सांदण आणि फुगे झाले.

तरीही रोजची भाकरी तांदळाचीच राहिली. सकाळी तांदळाची भाकरी किंवा पेज, दुपारी भात व कालवण, पावसाळ्यात समुद्र खवळला म्हणजे सुका बोंबील, सुकट किंवा वालाचे बिरडे, हे शेतकऱ्याचे अन्न होते. राजेळी केळी पिकली म्हणजे सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवावयाची आणि सुक्या पानांत घट्ट बांधून ठेवावयाची. ही सुकेळी आपल्या प्रांताची खास वस्तू होय. पाहुणा आला तर त्याच्या हातावर ठेवावयास घरात काही असलेच पाहिजे, हा गृहिणीचा बाणा होता.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. पवित्र मिस्सेची भाकर गव्हाची असावी असा धर्मसभेचा नियम आहे, आणि आपल्या वाडीत गहू पिकत नव्हता. वेदीवरची भाकर गव्हाची व ताटातली तांदळाची, असे असूनही आपल्या आजीने दोहोंचा संबंध कधी तुटू दिला नाही. भाकरीचा तुकडा जमिनीवर पडला तर तो उचलून कपाळाला लावावयाचा, अन्न टाकावयाचे नाही, जेवावयास बसण्यापूर्वी क्रुसाची खूण करावयाची, हे तिने शिकविले. जो मुलगा घरच्या भाकरीचा मान राखावयास शिकला, त्याला परमप्रसादाचा मान राखणे शिकवावयास धर्मगुरूला फारसे श्रम पडत नसत.

देवळाचे वर्ष, शेताचे वर्ष

आपल्या पूर्वजांनी भिंतीवर दिनदर्शिका लावली नाही. देवळाची घंटा आणि शेताचे काम या दोहोंवरून त्यांना दिवस कळे. दिवसातून तीन वेळा अँजेलसची घंटा होई. शेतात काम करणारा माणूस डोईवरचे फडके काढून उभा राही, प्रार्थना करी, आणि पुन्हा वाके. सकाळची घंटा कामास लागण्याची, दुपारची जेवणाची, संध्याकाळची गुरे घरी आणण्याची, असे तिचे दोन्ही अर्थ एकत्रच होते.

वर्षाचेही तसेच. भाताच्या पहिल्या लोंब्या देवळात आणून त्यांवर आशीर्वाद घ्यावयाचा आणि मगच नवे धान्य खावयाचे. ऑक्टोबराच्या आरंभी येणाऱ्या या सणास उत्तर कोकणात आगेरा म्हणतात. नोव्हेंबरात मृतांची आठवण; तोवर भाताची कापणी झालेली असे. नाताळात नव्या तांदळाचे पीठ घरात असे, म्हणून करंज्या, कलकल व इतर पक्वान्ने यांस तोटा नसे. त्यानंतर लग्ने. उपवासकाळात व आगमनकाळात थाटामाटाचे लग्न लावावयाचे नाही असा धर्मसभेचा दंडक होता. आणि जूनमध्ये पाऊस लागला की शेतकऱ्याला मान वर करावयास सवड नसे. तेव्हा नाताळानंतर राखेच्या बुधवारापर्यंत, किंवा ईस्टरनंतर पाऊस पडेपर्यंत, एवढीच लग्नाची वेळ. उपवासकाळ ज्या महिन्यांत येतो, त्याच महिन्यांत आपल्या वाड्यांत भाजीपाला व वाल भरपूर असत. मांसावाचून चाळीस दिवस काढणे येथील गरिबास जड गेले नाही. त्याच्या परड्यातच उपवासाची सोय देवाने करून ठेविली होती.

शुक्रवारी मांस वर्ज्य. त्या दिवशी कोळीण टोपली घेऊन दारी येई, आणि कित्येकदा पैशाऐवजी तांदूळ किंवा भाजी घेऊन मासळी देई. शेतकरी व कोळी यांच्यातील हा व्यवहार धर्मसभेच्या नियमाने पिढ्यानपिढ्या दृढ केला.

आजच्या तरुणांस ठाऊक नसेल, पण १९५३ सालापूर्वी परमप्रसाद घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घेऊ नये असा नियम होता. त्या साली पाणी पिण्याची मोकळीक मिळाली. १९५७ साली उपवास तीन तासांवर आला आणि १९६४ साली एका तासावर. त्या जुन्या नियमाखाली रविवारची सकाळ कशी असेल याची कल्पना करा. गृहिणी पहाटे उठे, म्हशीचे दूध काढी, मुलांना आंघोळी घाली, भाकऱ्यांचे पीठ भिजवून ठेवी, आणि स्वतः काही न चाखता मैल दीड मैल चालत देवळात जाई. परत आल्यावर चूल पेटे आणि सारे कुटुंब एकत्र न्याहारीस बसे. ती न्याहारी साधीच असे. परंतु मिस्सेच्या मेजवानीला जोडून आलेली दुसरी मेजवानी, अशीच तिची गोडी होती.

कसोटीचा काळ

१७३९ सालच्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, आणि त्यांच्याबरोबर युरोपीय संघांचे धर्मगुरूही गेले. मठ ओस पडले. किल्ल्यातील देवळांच्या भिंती आजही उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत. ज्या धर्माला राजाचा आश्रय होता तो आश्रय संपताच धर्मही संपेल, असे त्या वेळी पुष्कळांस वाटले असल्यास नवल नाही.

तसे झाले नाही. गोव्याकडील व येथील तद्देशीय धर्मगुरूंनी आपली माणसे सोडली नाहीत. त्यांची संख्या थोडी, उत्पन्न त्याहून थोडे, आणि गावे लांबलांब. ज्या गावी धर्मगुरू क्वचित जाऊ शके तेथे रविवार कोणी पाळला? आईने. प्रार्थना कोणी जतन केली? आजीने. घरातील लहानशा आल्तारापुढे दिवा लावून, आपल्याच बोलीत, तिने मुलांकडून प्रार्थना घोकून घेतल्या. यात आपल्या भाषेचे मोठे साहाय्य झाले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली मराठीत प्रसिद्ध झाले होते. शिवाय फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश यांनी प्रभूच्या दुःखसहनावर रचलेले १६५९ सालचे पुराण उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांत उपवासकाळी गाइले जाई. मिस्सा लॅटिनमध्ये होती व ती विसाव्या शतकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत लॅटिनमध्येच राहिली. परंतु घरचा धर्म मराठीत होता, म्हणून तो काळजापर्यंत पोहोचला.

पुढे १८०२ साली याच वसईत पेशवे दुसरे बाजीराव व इंग्रज यांचा तह झाला, आणि १८१८ पर्यंत पेशवाई संपून प्रांत इंग्रजांकडे गेला. धर्माधिकाराचीही बरीच ओढाताण झाली. १८८६ साली दमण धर्मप्रांत स्थापन झाला, १९२८ साली तो संपून आपण मुंबईच्या महाधर्मप्रांतात आलो, आणि १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. राजे बदलले, बिशप महाराजांची पीठे बदलली. या सर्व उलथापालथीत संध्याकाळची जपमाळ मात्र त्याच ओट्यावर, त्याच वेळी होत राहिली.

जपमाळ आणि विहीर

या जपमाळेविषयी थोडे सांगितले पाहिजे. दिवेलागणीला गुरे बांधून झाली, चुलीवर भात शिजत ठेविला, की घरातील लहानथोर एकत्र जमत. आजोबा आरंभ करीत, मुले उत्तर देत, सून एक डोळा चुलीवर ठेवून प्रार्थना म्हणे. शेवटी लहानांनी वडिलांच्या पाया पडून आशीर्वाद मागावयाचा आणि मगच पाने मांडावयाची. यात एक व्यावहारिक शहाणपणही होते. दुपारी बांधावरून दोघां भावांचे भांडण झाले असले तरी संध्याकाळी एकाच आल्तारापुढे दोघांना गुडघे टेकावे लागत. आणि प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत क्षमेचे शब्द भाकरीच्या शब्दांनंतर लगेच येतात. ते म्हटल्यावर एका पंक्तीला बसून मुकाट्याने जेवणे कठीण जाई. कितीतरी वैरे अशी रात्र होण्यापूर्वीच विझली असतील.

लग्नात उंबराचे पाणी आणण्याची चाल आपल्यात होती. वाजतगाजत विहिरीवर जावयाचे, पाणी भरावयाचे आणि त्या पाण्याने नवरानवरीस न्हाऊ घालावयाचे. विहिरीवर सारी वाडी जगे, म्हणून नव्या संसाराचा आरंभ विहिरीपासून. तसेच मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी लादीन म्हणावयाची आणि उकडलेले चणे सर्वांना वाटावयाचे. प्रार्थनेनंतर काहीतरी वाटून खाल्ले पाहिजे, हा आपल्या लोकांचा अलिखित नियमच होता.

शेतकऱ्यांचे आश्रयदाते सांत इसिदोर हे माद्रिद शहराजवळ दुसऱ्याच्या शेतात राबणारे मजूर. १६२२ साली सांत इग्नेशियस, सांत फ्रान्सिस झेवियर व सांत तेरेसा यांच्या बरोबरीने त्यांस संतपद देण्यात आले. त्यांची पत्नी मारिया हिच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, दारी येणाऱ्या गरिबासाठी ती चुलीवर नेहमी हंडी ठेवीत असे. आपल्याकडील कित्येक माऊलींना हे नाव ठाऊकही नव्हते, पण त्यांची हंडी तशीच होती.

तथापि जुने ते सर्व सोने, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. त्या घरात सून सर्वांच्या शेवटी जेवे, आणि कधी कधी तिच्या वाट्याला खरवडच येई. ज्या ताडीने सांदण फुगे, तिनेच काही संसार बुडविले. वाडीत राबणाऱ्या आदिवासी मजुराला कित्येक घरांत अंगणातच वाढले जाई. ज्याच्या प्रभूने जकातदाराच्या पंक्तीला बसून जेवण घेतले, त्याच्या शिष्यांना हे शोभणारे नव्हते. पूर्वजांचा गौरव करिताना त्यांच्या उणिवाही ओळखाव्या, म्हणजे त्यांचे अनुकरण डोळसपणे करिता येते.

आगगाडी आणि त्यापुढे

१८६४ साली लोहमार्ग मुंबईपर्यंत पोहोचला, आणि १८६७ पासून विरारहून मुंबईस गाडी जाऊ लागली. आपल्या वाडीच्या इतिहासात १७३९ इतकेच हे साल महत्त्वाचे आहे. भाजी, फुले, केळी, पाने व दूध मुंबईच्या बाजारी जाऊ लागले. लाल लुगड्यातील आपल्या बाया पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने जात आणि संध्याकाळी परत येऊन चूल पेटवीत. त्या पैशावर मुले शिकली, घरांवर कौले चढली, आणि देवळेही सजली. जुन्या देवळांच्या दुरुस्तीत कोणाचे दान होते हे विचाराल, तर पुष्कळसे त्या पाट्यांतील भाजीचे होते.

त्याच मार्गाने पुढे मुंबईही आपल्याकडे आली. १९९० साली वसई-विरार परिसराच्या नियोजनाचे काम सिडकोकडे सोपविण्यात आले, आणि २००९ साली महानगरपालिका झाली. इमारती उठल्या, विहिरींचे पाणी उपसले गेले, आणि किनाऱ्याकडील कित्येक विहिरींत खारे पाणी शिरले. हिरवी वसई राखण्यासाठी नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी लोकांना बरोबर घेऊन जो लढा दिला तो सर्वश्रुत आहे. २०२० साली ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२४ साली प्रभूच्या भेटीस गेले. त्यांच्या लढ्याने काही राखले. सर्व राखता आले नाही.

आज धर्मगुरू म्हणून घरोघरी आशीर्वादासाठी जाताना मला जे दिसते ते स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. जमीन विकली गेली याचे दुःख आहेच. परंतु जमिनीच्या पैशावरून सख्खी भावंडे एकमेकांचे तोंड पाहीनाशी झाली, याचे दुःख अधिक आहे. शेत होते तोवर त्यांना एकत्र राबावे लागे, एकत्र जेवावे लागे, एकत्र प्रार्थना करावी लागे. आता वाडीची गरज नाही, म्हणून भावाचीही गरज वाटत नाही. सुंदर सदनिकेत भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र आहे, पण त्यापुढे एकाच वेळी उभे राहावयास दोन माणसे मिळत नाहीत. प्रत्येकाच्या जेवणाची वेळ निराळी.

मग शेताबरोबर आपली श्रद्धाही जाणार काय? मला तसे वाटत नाही, आणि मला हा धीर इतिहासच देतो. १७३९ साली किल्ला गेला, पण घर राहिले. आज वाडी जात आहे, पण घर राहू शकते. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबास घरगुती धर्मसभा म्हटले. आपल्या आजीने तो शब्द कधी ऐकला नव्हता, परंतु ती गोष्ट तिने रोज केली होती. तिला त्यासाठी लागले काय? एक दिवा, एक जपमाळ, एक हंडी, आणि सर्वांना एका वेळी बोलावण्याचा अधिकार. यांपैकी कशालाही सातबारा लागत नाही.

म्हणून या महोत्सवानिमित्त प्रत्येक कुटुंबाने एक संकल्प करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. आठवड्यातून निदान एक संध्याकाळ सर्वांनी एकत्र जपमाळ म्हणावी आणि त्यानंतर घरीच रांधलेले अन्न एका पंक्तीला बसून खावे. त्या पंक्तीत सुनेचे पान पहिल्या पंगतीतच मांडावे. ज्या भावाशी बोलणे तुटले आहे, त्याला त्या संध्याकाळी निरोप पाठवावा. ज्यांच्याजवळ अद्याप चार गुंठे शिल्लक आहेत त्यांनी मुलांना मातीत हात घालावयास शिकवावे, आणि आगेऱ्याला स्वतः पिकविलेली एक तरी लोंबी देवळात आणावी. आजी हयात असेल तर तिच्यापाशी बसून इंदाळ, सांदण व सुकेळी कशी करितात ते शिकून घ्यावे, आणि तेवढ्याच आस्थेने तिच्या प्रार्थनाही लिहून घ्याव्या.

एम्माऊसच्या वाटेवर शिष्यांनी प्रभूचे बोलणे ऐकले, पण त्याला ओळखले ते घरात, भाकर मोडताना. आपल्या घरांतही तो असाच ओळखला जावो, आणि आपल्या धर्मग्रामावर, वाड्यांवर व चुलींवर त्याची कृपादृष्टी सदैव राहो, हीच पवित्र मारियेच्या मध्यस्थीने त्याच्या चरणी प्रार्थना.